मुलं हीच पेन्शन: योरुबा शहरांतली म्हातारी माणसं हात का पसरतात?

“योरुबा माणूस भीक मागत नाही.” नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे लागोस, इबादान, अबेओकुटा, ओशोग्बो या पट्ट्यात, हे वाक्य आजही ठासून सांगितलं जातं. भिकारी म्हणजे उत्तरेकडून आलेले हौसा लोक, शुक्रवारी मशिदीबाहेर वाडगा घेऊन बसणारे, असा तिथला सर्रास समज. पण लागोसच्या ओशोदीसारख्या गजबजलेल्या बसथांब्यावर थोडा वेळ थांबलं की वेगळं चित्र दिसतं. धुवट पण नीटनेटकं लुगडं गुंडाळलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एखादी आजी जवळ येते आणि हळू आवाजात, शुद्ध योरुबात सांगते: घरी जायचंय, बसभाड्याला थोडे कमी पडतायत. ती उत्तरेकडची नाही. बऱ्याचदा त्याच शहरात तिचा जन्म गेलेला असतो.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी हा समाज काय आहे ते थोडं पाहावं लागेल.

योरुबा म्हणजे नायजेरियाच्या लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा. साधारण निम्मे मुसलमान आणि निम्मे ख्रिस्ती असा त्यांचा हिशेब आहे. दोन्हीकडचे पुष्कळ लोक जुन्या देवतांनाही धरून असतात. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट दुसरीच: हा आफ्रिकेतला जुना शहरी समाज आहे. इंग्रज यायच्या आधीपासून योरुबा लोक मोठमोठ्या गावांत दाटीने राहत आले. ओयोचं जुनं योरुबा साम्राज्य ढासळत होतं तेव्हा, 1829 च्या सुमारास, लढवय्यांची छावणी म्हणून इबादान वसलं आणि बघता बघता त्या भागातलं सगळ्यात मोठं शहर झालं. त्यामुळे ‘गावातली माया शहरात आटली’ हे आपल्या ओळखीचं स्पष्टीकरण इथे चालत नाही. योरुबांची म्हातारी माणसं शतकानुशतकं शहरातच म्हातारी होत आली आहेत.

या जुन्या शहरांचा गाभा म्हणजे एका पूर्वजाच्या वंशजांचा मोठा वाडा. मधे अंगण, भोवती खोल्या, त्यात भाऊ, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं. वाडा कुणा एकाच्या मालकीचा नसतो, घराण्याचा असतो. म्हातारपणी माणसाला तिथे जागा असतेच, आणि मानही असतो. तरुण मुलगा वडीलधाऱ्यांसमोर लोटांगण घालतो, मुलगी गुडघे टेकते, बोलताना आदरार्थी बहुवचन वापरलं जातं. घरातली भांडणं मिटवायची, बारशाला नाव सुचवायचं, लग्नाची बोलणी करायची, ही सगळी कामं वृद्धांची.

एक योरुबा म्हण आहे: जंगली घूस म्हातारी झाली की आपल्या पिलाचं दूध पिते. ऐकायला विचित्र वाटते, पण तीत अख्खी निवृत्ती योजना आहे. आज तू मुलांना पाज, उद्या ती तुला पाजतील. म्हणून मूल नसणं हे या समाजात सगळ्यात मोठं दुर्दैव मानलं जातं. त्यामागे वंशाची काळजी आहेच, पण उतारवयात भाकरी कोण देणार हा रोकडा प्रश्नही आहे.

तर मग ‘पूर्वी कुणी भीक मागत नव्हतं’ हे खरं का? पूर्णपणे नाही. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या मिशनऱ्यांनी योरुबा गावांतल्या भिकाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे: आंधळे, महारोगी, ज्यांना कुणीच उरलेलं नाही असे. शिवाय भिक्षेचे काही प्रकार धर्माने मान्य केलेले होते. योरुबांमध्ये जुळी मुलं जन्मण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. जुळ्यांची आई दोन्ही बाळांना घेऊन बाजारात गाते, नाचते, लोक पैसे देतात, ती आशीर्वाद देते. कौल लावणाऱ्या पुजाऱ्याने सांगितलं की हे करावंच लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. म्हणजे मागणं या समाजाला अपरिचित नव्हतं. पण चार मुलांची आई असलेली सत्तरीची बाई मागताना दिसली, तर सगळ्या घराण्याची मान खाली जाते.

आणि तरीही ती दिसते. हिशेब नेमका कुठे चुकला?

मुलांच्याच खिशाला भोक

“आजकालची पोरं बिघडली” हे उत्तर नायजेरियातही मिळतं, आपल्याकडेही मिळतं. मला ते फार आळशी उत्तर वाटतं. मुलांच्या मनापेक्षा त्यांच्या पगाराकडे बघितलं तर जास्त उलगडा होतो.

1950 च्या दशकात पश्चिम नायजेरियात कोकोचा पैसा होता. त्या जोरावर ओबाफेमी आवोलोवो यांच्या सरकारने 1955 मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आफ्रिकेच्या या भागात ते फार मोठं पाऊल होतं. इबादानमध्ये 1965 साली उभी राहिलेली ‘कोको हाउस’ ही उंच इमारत त्याच सुबत्तेची खूण. त्या शाळांत पहिल्यांदा बसलेली मुलं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या आईबापांनी मुलांवर पैसा लावला आणि तो फळला. मुलं कारकून झाली, शिक्षक झाली, रेल्वेत लागली, कारखान्यांत गेली आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे देत राहिली. जुना करार शहरी पगारावर आणखी भक्कम झाला.

मग 1986 मध्ये लष्करी राजवटीने ‘संरचनात्मक समायोजन’ नावाचा कार्यक्रम आणला. सोप्या भाषेत सांगायचं तर, तेलाचे भाव कोसळल्यावर कर्जात बुडालेल्या देशाने चलनाची किंमत घसरू दिली, सरकारी खर्च आणि नोकऱ्या कापल्या, अनुदानं कमी केली. 1985 साली एका डॉलरला एक नायराही पुरत होता. 1993 पर्यंत वीसच्या वर नायरा लागू लागले. पगार कागदावर तेवढाच राहिला आणि बाजारात त्याची किंमत उरली नाही. पुढच्या काळात कारखानेही एकेक करून बंद पडत गेले. लागोसच्या इकेजा भागातल्या डनलॉपच्या कारखान्यात टायर बनणं 2008 मध्ये थांबलं.

ज्यांनी मुलांच्या शिक्षणात सगळं घातलं, त्यांच्या मुलांना पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली नाही. पन्नाशीचा मुलगा स्वतःच मोटारसायकलवर प्रवासी वाहतोय, त्याच्या तीन मुलांची फी थकली आहे. आईला द्यावं असं त्याला वाटतं, पण देणार कशातून? आणि आई मागत नाही, कारण तिला त्याची परिस्थिती माहीत आहे. पुष्कळ वृद्ध योरुबा स्त्रियांच्या बाबतीत तर पैशाची वाट उलटीच वाहते: नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलीची लेकरं आजीच्या ओट्यावर वाढत असतात.

ज्यांची मुलं परदेशी गेली त्यांचं बरं चालतं, असं समजलं जातं. इंग्लंड-कॅनडाकडे निघून जायची लाट तिथे इतकी मोठी आहे की ‘जापा’ हा त्यासाठीचा योरुबा शब्द सगळ्या नायजेरियाने उचलला. डॉलर घरी येतात, हे खरं. पण बसथांब्यावर उभ्या असलेल्या आजीचा मुलगा टोरांटोत नसतो. व्हिसा आणि विमानाचं तिकीट परवडणारी घरं वेगळी.

भांडवल खाल्लं गेलं की

योरुबा बायका कधीच नवऱ्याच्या कमाईवर विसंबून राहणाऱ्या नव्हत्या. बाजार त्यांचा. प्रत्येक मोठ्या बाजाराची एक प्रमुख बाई असते, तिचा दबदबा असतो, राजकारणी तिच्या दारी येतात. नवऱ्याचा आणि बायकोचा पैसा वेगळा, मुलांच्या शाळेचा खर्च पुष्कळदा आईच्या गल्ल्यातून. म्हणून म्हातारपणीही बाई बसून नसते. टोमॅटोचे चार वाटे, मिरच्यांचे दोन, थोडे शेंगदाणे, असं काहीतरी दारात मांडून ती बसते.

लागोसच्या मुशिन भागात अशी एक बाई आहे असं समजा, वय सत्तरीचं. मोठ्या मंडईतून टोमॅटो आणायचे, वाटे करून विकायचे, निघालेल्या पैशांतून उद्याचा माल आणि आजचं जेवण. थोडे पैसे रोज दारावर येणाऱ्या बचतवाल्याकडे. आपल्या पिग्मी एजंटसारखाच तो. महिनाअखेरीला रक्कम परत देतो आणि एका दिवसाचा हप्ता स्वतःची मजुरी म्हणून ठेवतो. या व्यवहारात कुठेही चैन नाही, पण तो वर्षानुवर्षं चालू शकतो.

आता तिला रक्तदाबाने चक्कर येते, ती पडते, मांडीचं हाड मोडतं. नायजेरियात आरोग्यावरच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग लोक थेट खिशातून भरतात, आणि असंघटित कामातल्या म्हाताऱ्यांना विम्याचं छत्र जवळजवळ नाहीच. दवाखान्यात आधी अनामत, मग उपचार. मुलं जमेल तेवढे पैसे काढतात, उरलेले तिच्या मालाच्या भांडवलातून जातात. दोन महिन्यांनी ती काठीवर उभी राहते तेव्हा टोमॅटो आणायला पैसे नसतात. उधारी देणाऱ्याला तिच्याकडून परतफेडीची खात्री वाटत नाही.

गरिबीपासून हात पसरण्यापर्यंतचं शेवटचं पाऊल बहुतेकदा इथे पडतं. बाई गरीब आधीही होती, पण तिच्या हातात व्यापार होता. तो गेल्यावर वाड्यातली खोली राहते, शेजारणींचे नमस्कार राहतात, आणि संध्याकाळच्या गारीचा, म्हणजे कसाव्याच्या रव्याचा, प्रश्न उरतो. अनेक वृद्ध योरुबा भिकाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असतं, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. ते रात्री घरी झोपतात आणि दिवसा मागतात. मदतीच्या योजना आखणारे मात्र ‘बेघर’ माणसं शोधत फिरतात.

पुरुषांची वाट थोडी निराळी. जुन्या पिढीत अनेकांच्या दोन-तीन बायका होत्या. मुलं आपापल्या आईला धरून राहतात. बापाने आपल्या आईपेक्षा सावत्र आईला जास्त दिलं, तिच्या मुलांना शिकवलं, आपल्याला नाही, हा हिशेब चाळीस वर्षं मनात राहतो. बाप थकल्यावर तीन घरांची दहा मुलं असूनही प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघेल. भरल्या घरातला म्हातारा उपाशी कसा, याचं उत्तर पुष्कळदा या वाटणीत असतं.

बाईच्या वाट्याला आणखी एक संकट येऊ शकतं. घरात मूल दगावलं, धंदा बुडाला, की एकटी पडलेली म्हातारी चेटकीण ठरवली जाते. मग छप्परही जातं.

मागायचं, पण मागितल्यासारखं दिसू नये

“फजितीपेक्षा मरण बरं” अशा अर्थाची योरुबांची म्हण आहे आणि ती नुसती बोलायची नाही. म्हणून इथलं मागणं वेश बदलून येतं. वृद्ध माणूस आपल्या मोहल्ल्यात मागत नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, जिथे कुणी ओळखणार नाही. चांगले कपडे घालतो. पाकीट मारलं गेलं, भाड्याला पैसे हवेत, औषधाची चिठ्ठी आहे, असं सांगतो. नायजेरियात अशांना चेष्टेने ‘कॉर्पोरेट भिकारी’ म्हणतात. त्यात काही अट्टल फसवणारे आहेतच. पण सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक इस्त्रीचा सदरा घालून खोटं बोलत असेल, तर ते खोटं बहुधा अब्रू झाकायला असतं.

दुसरा प्रकार आशीर्वादाचा. मोठ्या माणसाच्या तोंडची प्रार्थना फळते, अशी इथली पक्की समजूत. लग्नात, बारशात, मोठमोठ्या मेजवान्यांत म्हातारी माणसं बोलावल्याशिवाय येतात, यजमानाच्या घराण्याची स्तुती करतात, आशीर्वाद देतात, आणि त्यांच्या हातात नोट पडते. देणारा तरुण गुडघा वाकवूनच देतो. कोण कुणाला देतंय हे अशा क्षणी धूसर होतं, आणि दोघांनाही तेच हवं असतं. लोकांना दिल्या जाणाऱ्या आशीर्वादांत ‘तुझ्यावर मागून खायची पाळी न येवो’ हाही असतो.

याच मेजवान्यांबद्दल थोडं कटू बोलायला हवं. योरुबा अंत्यविधी, विशेषतः मुलंबाळं मागे ठेवून पिकल्या वयात गेलेल्या माणसाचा, हा उत्सव असतो. तंबू, बँड, शेकडो पानं, सगळ्या नातेवाइकांना एकाच कापडाचे कपडे. आई जिवंत असताना रक्तदाबाच्या गोळ्यांना पैसे नव्हते आणि गेल्यावर कर्ज काढून बैल कापला, ही टीका योरुबा लोक स्वतःच करतात, बाहेरच्याने करायची गरज नाही. पण यालाही एक व्यवहारी बाजू आहे. अंत्यविधीचा खर्च सगळ्यांसमोर होतो, त्यावर घराण्याची पत ठरते. औषधाची गोळी कुणालाच दिसत नाही.

सरकार काय करतं?

पहिलं काम: उचलून नेतं. दक्षिण नायजेरियाच्या फौजदारी संहितेत सार्वजनिक ठिकाणी भीक मागणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी वापरलेली ‘आळशी व बेशिस्त व्यक्ती’ ही शब्दयोजना थेट 1824 च्या इंग्लंडच्या भटक्यांविषयीच्या कायद्यातून आलेली. हे आपल्याला परकं नाही. मुंबईचा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा त्याच विचाराच्या कुळातला, आणि तो दिल्लीत लागू होता तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं रद्द केली. लागोसमध्ये अधूनमधून मोहीम निघते, गाड्या येतात, रस्त्यावरून उचललेल्यांना इकोरोडूजवळच्या माजिदुन इथल्या पुनर्वसन केंद्रात नेतात. परप्रांतातल्यांना त्यांच्या राज्यात परत पाठवतात. योरुबा आजीला कुठे पाठवणार? ती आधीच आपल्या गावात आहे. काही दिवसांनी ती पुन्हा थांब्यावर दिसते, बहुतेक दुसऱ्या थांब्यावर.

पेन्शनचं काय? 2004 च्या कायद्याने नायजेरियात अंशदायी पेन्शन आली. 2014 च्या सुधारणेनंतर मालक 10 टक्के आणि नोकरदार 8 टक्के भरतो. ज्याला मालकच नाही त्याला याचा उपयोग शून्य, आणि बहुसंख्य लोक तसेच आहेत. असंघटित कामगारांसाठी 2019 मध्ये ‘मायक्रो पेन्शन’ आणली, पण तीही बचतीवर चालते. आज सत्तरीत असलेली बाई आता कशाची बचत करणार? सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांचीही अवस्था चांगली नाही. राज्य सरकारांनी ग्रॅच्युइटी वर्षानुवर्षं थकवलेली असते. ‘नायजेरिया एअरवेज’ ही सरकारी विमान कंपनी 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या कर्मचाऱ्यांना देण्यातला मोठा हप्ता मंजूर व्हायला 2018 उजाडलं. वाट बघताना किती जण गेले असतील.

एका ठिकाणी मात्र खरंच काहीतरी घडलं होतं, आणि मला या सगळ्या विषयात तीच गोष्ट सर्वांत जास्त विचार करायला लावते. एकिती या छोट्या योरुबा राज्यात गव्हर्नर कायोदे फायेमी यांनी 2011 मध्ये 65 वर्षांवरच्या गरजू वृद्धांना दरमहा 5,000 नायरा द्यायला सुरुवात केली. बचतीची अट नाही, थेट पैसे, वीस हजारांच्या वर लाभार्थी. शेजारच्या ओशुन राज्यानेही 2012 मध्ये अगदी गरीब अशा सुमारे 1,600 वृद्धांना दरमहा 10,000 नायरा सुरू केले. जून 2014 मध्ये फायेमी निवडणुकीला उभे राहिले आणि राज्यातल्या सोळाच्या सोळा स्थानिक विभागांत हरले. शिक्षक नाराज होते, पक्षात भांडणं होती, कारणं अनेक. पण विरोधकाने वाटलेल्या तांदळाच्या पिशव्यांची चर्चा इतकी झाली की ‘पोटाची पायाभूत सुविधा’ हा शब्दप्रयोग नायजेरियाच्या राजकारणात कायमचा रुजला. सरकार बदललं, वृद्धांचे पैसे थांबले. कायद्याने बांधलेला हक्क नसेल तर असंच होणार.

ती योजना चालू राहिली असती तरी आज काय उरलं असतं, हे बघा. 2011 मध्ये 5,000 नायरा म्हणजे साधारण 32 डॉलर, तेव्हाच्या दराने दीड हजार रुपये. मे 2023 मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी, जे स्वतः लागोसचे योरुबा आहेत, पेट्रोलवरचं अनुदान काढलं आणि पाठोपाठ नायरा बाजारावर सोडला. लिटरला 200 नायराच्या आत असलेलं पेट्रोल काही दिवसांत 500 च्या आसपास गेलं, बसभाडी भडकली. जून 2024 मध्ये अन्नधान्याची महागाई वर्षाला 40 टक्क्यांवर पोहोचली. डॉलर दीड हजार नायरांच्या घरात गेला. त्या हिशेबाने 5,000 नायरा म्हणजे सव्वातीन डॉलर, पावणेतीनशे रुपयांच्या आसपास. किमान वेतन 30,000 वरून 70,000 नायरा झालं, पण वाटे मांडून बसणाऱ्या बाईला वेतन नसतं. तिला फक्त महाग झालेला टोमॅटो माहीत.

2021 मध्ये नायजेरियाने वृद्धत्वाविषयी राष्ट्रीय धोरण आणलं आणि राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक केंद्रही सुरू केलं. देशभरात सगळ्या वृद्धांना मिळणारी पेन्शन अजून नाही. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न विचारला जातो, आणि तो खोटा नाही. पण आफ्रिकेतल्याच लेसोथोने, जो तेलाच्या थेंबाशिवायचा छोटा डोंगराळ देश आहे, 2004 पासून सत्तरीवरच्यांना पेन्शन दिली आहे. तिथे रक्कम लहान आहे, पण ती दर महिन्याला येते आणि तिच्या भरवशावर दुकानदार उधार देतो.

नायजेरियात तसं काही आलंच, तर पहिली अडचण कागदाची असेल. त्या पिढीतल्या पुष्कळ स्त्रियांकडे जन्माचा दाखला नाही. वय विचारलं तर त्या घटनेवरून सांगतात: राणी एलिझाबेथ इबादानला आली तेव्हा मी बाजारात आईबरोबर जात होते. राणी आली ते वर्ष 1956. त्यावरून वय मांडता येतं, फक्त खिडकीच्या पलीकडे बसलेल्या कारकुनाने ते मान्य करायला हवं.